पाच दीर्घिका आणि शेजारचा ऊस

१५ नोव्हेंबर
निश्चय! स्टीफन्स क्विंटेट, म्हणजे एकमेकींना चिकटून बसलेल्या पाच दीर्घिका, दुर्बिणीतून बघून पेन्सिलीनं काढायच्या. रविवारी, २३ तारखेला, खगोल क्लबच्या प्रदर्शनात माझं स्केच लागणार, असं सगळ्यांना सांगून टाकलंय. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवरून रस्त्याच्या हॅलोजनशिवाय काही दिसत नाही, म्हणून पिशोरला, मेव्हण्याच्या शेतावर. एकटाच. विशाखानं विचारलं, पप्पा, अंधारात एकटे? मी हसलो. आठवीतली पोर, तिला काय कळणार. पॅसेजचा लाईट मी रात्रभर चालू ठेवतो तो पाणी प्यायला उठावं लागतं म्हणून.

१७ नोव्हेंबर
मेव्हण्याचा, राजेंद्रचा फोन. शेजारच्या उसात बिबट्या दिसला म्हणे. घाबरलो अजिबात नाही. पण दव फार पडतं, दुर्बिणीचा आरसा खराब होतो. आज कॅन्सल.

१८ नोव्हेंबर
गेलो. दुर्बीण लावली. थंडीमुळं गाडीत बसून, काचा वर करून स्केच काढायचं ठरवलं. गाडीतून दुर्बीण दिसते, दीर्घिका दिसत नाहीत. तांत्रिक अडचण. परत.

२० नोव्हेंबर, अमावस्या
आकाश सगळ्यात काळं आजच. सासूबाई म्हणाल्या, अमावस्येला शेतात नको. मी विज्ञानवादी आहे, पण मोठ्यांचा मान ठेवावा लागतो.

२१ नोव्हेंबर
राजेंद्र सोबत येतो म्हणाला. नको म्हटलं, एकाग्रता जाते.
अर्धा तास काहीच दिसेना. मंद गोष्टीकडं थेट बघायचं नसतं, जरा बाजूला बघायचं, हे मीच क्लबात शिकवतो. जमत नव्हतं. मग उसात सळसळ झाली. डोळा दुर्बिणीलाच होता, पण बुब्बुळ आपोआप उसाकडं सरकलं.
आणि दिसल्या. पाचही.
पेन्सिल टेकवली, तेवढ्यात पावलं वाजली.
पुढचं नीट आठवत नाही. भानावर आलो तेव्हा पेट्रोल पंपावर होतो, भरपूर लाईटमध्ये. दुर्बीण शेतातच. लई भीती वाटली. हे वाक्य उद्या खोडायचं.

२२ नोव्हेंबर
राजेंद्र दुर्बीण घेऊन घरी आला. सगळ्यांसमोर म्हणाला, “दाजी, म्या च्या घिऊन आल्तो. त्या नळीत असं काय दिसलं, की तुमी पळाले?”
माझी बायको सुलेखा हसून हसून खाली बसली. विशाखा हसली नाही.

२३ नोव्हेंबर
स्केचमध्ये एक गोल, आणि पानाबाहेर गेलेली एक रेघ. क्लबला कळवलं, ढग होते.
रात्री विशाखा झोपायला जाताना पॅसेजचा लाईट लावून गेली. मी सांगितलं नव्हतं.