डावीकडचा पंप

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गाडीत कासव दिसलं.

पडद्यावर. पिवळं, एवढंसं, पाठीवर नक्षीसुद्धा काढलेलं. पुलाच्या चढावर वेग आपोआप उतरला आणि मागच्या ट्रकवाल्याने माझ्या मागच्या पिढ्यांची आस्थेने चौकशी केली. घरी येऊन पुस्तिका उघडली. कासव म्हणजे ही विजेची गाडी आतून तापली आहे, म्हणून ताकद आखडून घेते आहे. बनवणाऱ्यांच्या रसिकतेला दाद द्यायला हवी. धोक्याची सूचना द्यायची तीही अशी की वाटावं, कोणी पाहुणा येऊन बसलाय.

बाईसाहेबांना, म्हणजे बायकोला, फोनवर सांगितलं. त्यांनी कासवाबद्दल काही विचारलं नाही. पंधराला येणार आहेस ना, एवढंच. म्हटलं, येणार.

बुधवार, ५ नोव्हेंबर

सेवाकेंद्रात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी गाडीला वायर जोडून निदान सांगितलं: मोटर थंड ठेवण्यासाठी जे कूलंट फिरतं, ते फिरवणारा पंप बंद पडलाय. सुटा पंप त्या बदलत नाहीत; नळ्यांसकट अख्खा संच मागवतात, तो येणार महिनाअखेरीला. तोवर काय करू, विचारलं. तोवर सावकाश चालवा काका, म्हणाल्या. ‘सावकाश’चं वाईट वाटलं नाही. ‘काका’चं वाटलं. बाई माझ्याच वयाच्या असाव्यात.

पंधरालाच का, ते इथे लिहून ठेवतो. आणखी कोणाला सांगितलेलं नाही. बायको गेली दोन वर्षं घाटापलीकडच्या गावात आहे, परिचारिकांच्या प्रशिक्षण केंद्रावर. दोन वर्षांपुरतीच गेली होती. आता केंद्र म्हणतंय, कायमच्या राहा. उत्तर सतराला, सोमवारी द्यायचं आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाली, “आधी तू ये. मग ठरवू.” याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला आहे: शनिवारी जायचं, तिची खोकी गाडीत भरायची आणि रविवारी तिला घरी घेऊन यायचं. बस आहे, नाही असं नाही. पण बसने गेलो तर मी पाहुणा. गाडी घेऊन गेलो तर न्यायला आलेला माणूस.

घाटात कासवासकट जाता येणार नाही. पहिल्याच वळणावर पाय पोटात घेईल.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ठरलं. पंप मीच बदलणार.

सुटे भाग विकणाऱ्याकडे पंप आहे, परवा घरपोच. पुस्तिकाही मिळाली, दुरुस्तीवाल्यांची, इंटरनेटवरून. हिला कळवलं. तिने एकच अट घातली: विजेचं काम आहे, एकट्याने करायचं नाही, शेजारी कोणीतरी हवं. शेजारी कोण आहे ते तिला चांगलं ठाऊक आहे. तरी घातली.

शेजारी म्हणजे न्यायमूर्ती. मूळचे पोस्टमास्तर, निवृत्त झाल्यापासून खाली पार्किंगमध्ये खुर्ची टाकून इमारतीतल्या सर्व प्रकरणांवर निकाल देतात. अपील चालत नाही. माझा बेत ऐकून त्यांनी तत्काळ निकाल दिला: विजेच्या गाडीला पाणी लागतं, हीच मुळात भेसळ आहे.

शनिवार, ८ नोव्हेंबर

पंप आला. तळहातावर मावतो. एवढ्याशा जिवावर सगळा डोंगर.

दिवसभर पुस्तिका वाचली. मी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेत शोभेल असा सूत्रग्रंथ आहे. एक अक्षर जास्तीचं नाही. ‘आवरण काढा.’ कोणतं? ते मागच्या सूत्रातून ओढून आणायचं. ‘पूर्ववत बसवा.’ पूर्ववत म्हणजे कसं, ते ज्याने काढताना पाहिलं त्यालाच माहीत. लहानपणी गुरुजी म्हणत, ग्रंथ लावता आला की जगात काहीही लावता येतं. बघू. मी समासात पेन्सिलीने टिपा केल्या आहेत. मोटरचा पंप डावीकडचा, असं स्पष्ट लिहिलंय. त्याखाली रेघ मारली.

रविवार, ९ नोव्हेंबर

झालं! निदान बसवून तरी झालं.

पुढची चाकं पंक्चरवाल्याकडून आणलेल्या लोखंडी रॅम्पवर चढवली. मागच्या चाकांना दगड. बारा व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली आणि पुस्तिकेत सांगितलं तितका वेळ स्वस्थ बसलो. नारिंगी वायरींना हात लावायचा नाही, हे तिथे पानोपानी आहे. त्यात दोनशे माणसांना पुरेल एवढी वीज असते म्हणे. न्यायमूर्ती खुर्ची ओढून आले. हातात जाड लाकडी दांडा. मला शॉक लागला तर त्याने ढकलून दूर करणार. जरा हळू ढकला म्हटलं, तर म्हणाले, “पंडित, आधी ढकलीन, मग चौकशी करीन.” मी नळीकडे हात नेला तरी ते दांडा उचलत. विजेपेक्षा त्यांचंच भय जास्त वाटलं.

खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढताना निम्म्या क्लिपा तुटल्या. कूलंट बादलीत काढलं: गुलाबी, दिसायला सरबत. नळीवरची स्प्रिंगची कडी पकडीतून निसटून थेट न्यायमूर्तींच्या खुर्चीखाली गेली. त्यांनी ती पायाखाली दाबून धरली आणि पुरावा म्हणून जाहीर केली. जुना पंप निघाला, नवा बसला. नळ्या, कड्या, वायरीचा खटका, सगळं पूर्ववत. नवं कूलंट भरलं.

उताणं पडून वर बघताना एक कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी काय केलं ते वर्तमानपत्रात लिहून मी पोट भरलं. आज पहिल्यांदा बातमी माझ्या नाकावर ठिबकत होती.

सोमवार, १० नोव्हेंबर

मान डावीकडे वळत नाही. संपादकांना वाटलं, मी रुसलोय.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पुलावर नेली. चढ लागला. कासव.

परत आणली. नळ्यांत हवा अडकली असेल, असा पूर्वपक्ष मांडला. दुपार हवा काढण्यात घालवली: झाकण उघडं ठेवून गाडी चालू करायची, बुडबुडे मोजत बसायचं, पातळी उतरली की भर घालायची. बुडबुडे संपले. पुन्हा पूल. पुन्हा कासव. या खेपेला तर मला ओळखल्यासारखं दिसलं.

हिला फोन केला नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी सहज म्हणून काढलेला जुना पंप बादलीत बुडवून धरला आणि छोट्या बॅटरीच्या तारा त्याला लावल्या.

गुणगुणायला लागला. बादलीत भोवरा! ठणठणीत पंप.

मी धडधाकट इसमाला कापून बाहेर काढलं होतं.

गाडीत दोन पंप आहेत, जुळे, एकाच साच्यातले. एक बॅटरी थंड ठेवतो, एक मोटर. मोटरचा डावीकडचा. मी बोनेट उघडून समोर उभा राहिलो आणि माझ्या डावीकडचा काढला. ग्रंथ लावण्यात हयात गेली आणि डावं कोणाचं, हे विचारायचं सुचलं नाही.

मग फोन केलाच. सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. हसलीच, पण नंतर. आधी म्हणाली, “डावं म्हणजे पेशंटचं डावं रे. तुझं नाही. पहिल्या दिवशी मुलींना हेच शिकवते मी. पाय कापायचा असला तर आधी त्याला विचारून पायावर शाईने खूण करतात.” मग मनसोक्त हसली. मागे कोणी मुली असाव्यात, त्याही हसल्या. तिचं हे हसणं इथल्या स्वयंपाकघरात शेवटचं कधी ऐकलं, आठवेना.

म्हणाली, नाही जमलं तर बसने ये, काही बिघडत नाही.

बिघडतं. गाडी घेऊनच जाणार.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

हिशेब सरळ आहे. मेलेला पंप अजून आत आहे, उजवीकडे. (माझ्या उजवीकडे. गाडीच्या डाव्या.) बादलीतला चांगला त्याच्या जागी बसेल. नवा आहे तिथेच राहू दे, बॅटरीची सेवा करील. दुसरा पंप विकत घ्यायला नको. फक्त कूलंट संपलंय. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने हिरवं पुढे केलं: सगळी सारखीच असतात हो, रंगाचा काय तो फरक. पुस्तिका सांगते, विजेच्या गाडीचं वेगळं असतं, वीज वाहू न देणारं, त्यात दुसरं मिसळलं तर नव्या दुखण्याला आमंत्रण. एरवी मी मान्य करून टाकलं असतं. वाद घालायचा कंटाळा. आज घातला. मग दोन बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि गुलाबी आणलं. येताना कॅन मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, औषध का? म्हटलं, हो, कासवाचं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रजा टाकली. कारण लिहिलं: शस्त्रक्रिया.

काम सुरू करायच्या आधी ड्रायव्हरच्या जागेवर बसलो, डावा हात वर केला आणि न्यायमूर्तींना सांगितलं, मी ज्या बाजूचा हात केलाय त्या बाजूच्या पंपावर खडूने फुली मारा. फुली मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, “पंडित, हा हात तुमचा, का गाडीचा?” आज दोघांचा एकच, म्हटलं. त्यांना पटलं नाही. पण फुली बरोबर होती.

या खेपेला हात सरावले होते. कड्या उडाल्या नाहीत. बोटं कापली, ती आधीच्याच जागी. मेलेला पंप हातात आला तेव्हा हलवून पाहिला: आत काहीतरी खुळखुळलं. त्याच्या जागी जुळा भाऊ बसवला. भरलं, हवा काढली, पातळी बघितली, पुन्हा काढली. घाई नाही केली. छोटी बॅटरी जोडली, बटण दाबलं. बोनेटला कान लावला. आतून बारीक गुणगुण.

न्यायमूर्तींना शेजारी बसवून पुलावर नेली. चढ. पुढचा चढ. टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत, जिथे रिक्षाही यायला तयार होत नाहीत. कासव नाही. परतताना तेच थर्मामीटर बघणाऱ्या बापासारखे पडद्यावर डोळे लावून बसले होते. खाली उतरून दांडा काखेत मारला आणि निकाल सुनावला: बेकायदेशीर, पण चालते.

दुपारी मागची सीट आडवी केली. खोक्यांना जागा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

घाट चढलो. एकाही वळणावर गाडीने तक्रार केली नाही. माथ्यावर थांबून बोनेटवर हात ठेवला. कोमट. एवढा आनंद पहिली बातमी छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

हिच्या खोलीला कुलूप. केंद्रातल्या मुलींनी मला ओळखलं: “मॅडमचे पंपवाले सर ना?” म्हणजे कीर्ती घाटाच्या पुढे धावली होती. मॅडम बाळंतिणीपाशी आहेत म्हणाल्या. बाकावर बसलो. आत ही होती. दिसत नव्हती, ऐकू येत होती. एका घाबरलेल्या शिकाऊ मुलीला सांगत होती, घाई नको, बाळाला वाट माहीत आहे, तू फक्त हात दे. माझ्या घरात हा आवाज नसतो. तिथे ती किल्ल्या शोधत असते.

रडणं ऐकू आलं. मग धुतलेले हात कोपरापर्यंत ओले घेऊन ही बाहेर आली. पहिला प्रश्न: “कुठला बसवलास?” पेशंटचा, म्हटलं.

खोलीवर गेलो. खोकी नव्हती. एकही नाही. भांडी फडताळात, पुस्तकं खिडकीत, दोरीवर कपडे. मी विचारलं, सामान कधी बांधणार? तिने चहा ओतला. कप माझ्यापुढे ठेवला. “मी ‘ये’ म्हटलं होतं,” ती म्हणाली. “‘न्यायला ये’ नव्हतं म्हटलं.”

मी म्हटलं, घर तिथे आहे, माझी नोकरी तिथे आहे. ती भांडली नाही. “बातमी कुठूनही पाठवता येते,” म्हणाली. “बाळंतपण फोनवर होत नाही.”

मी चहा संपवला आणि खिडकीत तिच्या पुस्तकांशेजारी माझी किती मावतील, ते बघितलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

उद्या ती होकार कळवणार. मी संपादकांशी बोललो; म्हणाले, मजकूर वेळेवर येऊ दे, कुठून येतो ते कोण बघतंय. निघालो तेव्हा गाडी रिकामीच होती. पुढच्या शनिवारी भरून तिच्याकडे न्यायची आहे. माझं सामान फार नाही—पुस्तकंच जड.