झाशीच्या चंद्रावर सोडलेली संकष्टी

अण्णा,

मुर्मान्स्कहून सामान आलं. लोकरीचे पायमोजे, रानफळांच्या पिवळ्या मुरंब्याची बरणी आणि बंदराचं एक चित्र. आणणारी मुलगी तुमच्या नातीच्या ओळखीची. "आंटीजी, प्लेन में बस इतना ही वज़न मिला," म्हणाली. झाशी स्टेशनापासून नगऱ्यातल्या आपल्या घरापर्यंत तिची रिक्षा मीच दिली, दीडशे रुपये, पेढे वेगळे. हिशेबात लिहून टाकलं. पण माझ्या रागाला वहीत रकाना नाही, आणि तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी तो दुसऱ्या कुणावर काढण्यासारखा नाही, म्हणून हे लिहिते.

ते गाव जगाच्या अगदी माथ्यावर आहे. लेक सांगते, शंभरेक वर्षांपूर्वी तिथे काही नव्हतं. पहिल्या महायुद्धात सामान उतरवायला रूळ टाकले आणि रुळांच्या टोकाला गाव वसलं, आपल्या रेल्वे कॉलनीसारखं. पुढच्या लढाईत बॉम्ब पडून लाकडी घरं जळाली, ती पुन्हा बांधली. एवढ्या थंडीतही समुद्र गोठत नाही म्हणे, खालून कोमट पाणी येतं. जावई तिथे जहाजांची इंजिनं दुरुस्त करतो. मॉस्कोहून गाडीत बसलं की दीड दिवस नुसती झाडं आणि तळी. हिवाळ्यात तिथे सूर्य उगवत नाही आणि आता वैशाखात मावळत नाही.

मागच्या वर्षी लेकीचं एक पोटातच गेलं. आता पुन्हा पाचवा लागलाय, तर तिने वर्षाच्या संकष्ट्या धरल्या. मी नको म्हटलं होतं. परवा सकाळी मी देवापाशी बसलेली, आणि फोन. मी मराठीत विचारते, ती अर्ध्या हिंदीत उत्तर देते, आमचं असंच चालतं.

"आई, चाँद निकला ही नहीं."

"ढग असतील गं."

"ढग नाहीत. यहाँ वाले बता रहे हैं, इन दिनों निकलता ही नहीं, नीचे-नीचे से चला जाता है. मैं कल से भूखी हूँ."

"पाणी तरी प्यायलीस का?"

"पानी पिया. अब क्या करूँ, तू सांग ना. नानाजी तर चंद्राचेच होते."

चंद्राचेच होतात, अण्णा. पंचांग पुण्याहून यायचं, आणि तुम्ही त्यातली चंद्रोदयाची वेळ खोडून लाल शाईने आपली घालायचात. "पुण्याचा चंद्र पुणेकरांना. आपला आधी उगवतो," असं दरवेळी तेच म्हणून हसायचात. झाशीतल्या मराठी घराघरातून पोरं विचारायला यायची, गुरुजी, आज किती वाजता. मी दौत धरून शेजारी बसलेली असते. मला दिसतंय, तुम्ही बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजता, आणि मी विचारते, हे कसं काढलंत? तुम्ही वर न बघता म्हणता, "मुलीनं पंचांग बघावं, मांडू नये." मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशी पुन्हा विचारलं. भूगोलात मी शाळेत पहिली होते. "किराण्याचा हिशेब येतो ना? पुष्कळ झालं," म्हणालात, आणि दादाला हाक मारलीत. दादा इलाइटवर सिनेमाला गेला होता. त्याला तुम्ही तीन वेळा बसवलंत, तीन वेळा तो पेंगला. तरी चौथ्या वेळी त्यालाच हाक.

ती विद्या तुमच्याबरोबर गेली. कुणासाठी राखलीत? देवासाठी म्हणाल, तर देव मला अजून भेटतो रोज सकाळी, त्याने कधी म्हटलं नाही की ही मुलगी आहे, हिला सांगू नका. आणि तिकडे पोटुशी पोर उपाशी बसलेली, जिथे चंद्रच नाही तिथे चंद्राची वाट बघत. मी फोन धरून उभी, आणि माझ्याकडे द्यायला काय? कणिक किती भिजवायची ते.

तर मी तिला सांगितलं, "ऐक. आजोबा सांगून गेलेत. जिथे चंद्र दिसत नाही तिथे माहेरच्या चंद्रावर सोडावी. झाशीत काल रात्रीच उगवला, मी स्वतः पाहिला, अर्घ्य दिलं. पाटावर तांदळाचा चंद्र काढ, नमस्कार कर आणि आधी जेव."

"नानाजी ने सच में बोला था?"

"मग काय मी बोलतेय? त्यांच्यापुढे माझी काय टाप."

ती जेवली. वरणभात जेवली, फोनवर भांड्याचा आवाज ऐकला मी. मग मी गणपतीपुढे हात जोडले, पण कान धरले नाहीत.

तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. ते मी मांडलं. पुढच्या महिन्यात पुन्हा संकष्टी आहे आणि ती पुन्हा विचारेल. तेव्हा बरोबर मांडलं का चूक, तेवढं उलट टपाली कळवा.