दादा, शेंगदाण्याचं तू खरं सांगत होतास

दादा,

विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तू गेलास, त्याला चार महिने झाले. मी लिहिलं नाही. नेमकं सांगण्यासारखं काही नव्हतं. काल मिळालं.

माझ्या रक्ताच्या कर्करोगासाठी तुझ्या रक्तातून काढलेल्या मूळपेशी मला दिल्या, त्याला वर्ष झालं. इतके दिवस पथ्य होतं. दाणे बंद होते. काल मुकुंदवाडीच्या खोलीवर आईनं पहिल्यांदा भाजीत शेंगदाण्याचा कूट घातला. दोन घासांत ओठ सुजले, घसा आवळला, अंगावर गांधी उठल्या. दवाखान्यात इंजेक्शन घ्यावं लागलं.

डॉक्टरांनी विचारलं, "दात्याला शेंगदाण्याची ॲलर्जी होती का?"

आई म्हणाली, "व्हय, म्हणायचा तर तसंच."

आठवतं? देवगावला एकादशीच्या खिचडीतले दाणे वेचून तू माझ्या ताटात टाकायचास. "घशात काटे टोचतेत," म्हणायचास. "सोंगं नको करू, राजा," आई म्हणायची. आणि मी? लॅबची पदवी घेतल्यावर तुलाच शिकवलं, "आपल्याकडं शेंगदाण्याची कुणाला ॲलर्जी असते का रे?" किती खात्री होती मला! तुझी एक रक्ततपासणी करायला काय लागलं असतं? रोज दुसऱ्यांच्या करते.

पेशी देण्याआधी तुझा फॉर्म मीच भरला. ॲलर्जीपुढं "नाही" लिहिलं, तुला न विचारता. तू वाकून पाहिलंस आणि हसलास. "लिही बाई, लई शिकलीस तू." टोमणा होता ना तो? तेव्हा मला कळलाच नाही.

पेशींची पिशवी बघून म्हणालास, "एवढीशीच? मला वाटलं, बादलीभर काढतेत! बघ सुमे, आता आतून भांडीन तुझ्याशी."

भांडलास आणि जिंकलासही.

दात्याची ॲलर्जी कधीकधी पेशींबरोबर येते, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं तुझ्या घशात जे टोचत होतं, ते काल माझ्या घशात टोचलं. माफी मागायची मला सवय नाही, हे तुला माहीत आहे. चुकले, दादा. पण तू एकदा तरी जोरात ओरडायचं होतंस माझ्यावर!

आता लॅबमध्ये कुणी "मला त्रास होतो" म्हणालं, तर रिपोर्ट यायच्या आधी त्याचं ऐकेन.

पुढच्या आठवड्यापासून मला तान्ह्या बाळासारख्या सगळ्या लसी पुन्हा घ्यायच्या आहेत. उपचारांत माझ्या शरीराला जुन्या आजारांची होती ती ओळख पुसली गेली. तुझ्या पेशींना सगळं पहिल्यापासून शिकायचं आहे. तू शाळा बुडवायचास. यांना एकही दिवस बुडवू देणार नाही, शब्द देते.

तुझी,
सुमी