वरच्या सहा पायऱ्या

दि. ३ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

रागात लिहितेय, अक्षराला हसू नकोस. आई जिन्यात घसरली, त्यानंतर तिला उघड्या लाकडाची धास्ती बसली. म्हणून जिन्याला कार्पेट घालायचं ठरवलं. नमुने घरी आणून, पायरीवर ठेवून, सकाळच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहून मी गडद हिरवा निवडला. काल बसवून गेले. खालच्या आठ पायऱ्या हिरव्या आणि वरच्या सहा चक्क फिकट! दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, उजेडाचा फरक आहे आणि बाई, वयानुसार नजर बदलते. मी बावन्नची, दादा! आई म्हणते, मधेच पायरी तुटल्यासारखी दिसते, चार महिने नाही उतरले, आताही नाही उतरणार. तू जन्मभर कापडगिरणीच्या रंगखात्यात काम केलंस. सांग, माझे डोळे गेलेत का?

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
धाकटी

दि. ९ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

डोळे शाबूत आहेत, डोकं तेवढं तापलंय. वेगवेगळ्या वेळी रंगवलेला माल तंतोतंत जुळत नाही. वरच्या आणि खालच्या तुकड्याची कड उचलून मागचा रंगवणीचा क्रमांक बघ. तो सारखा असेल तर हात फिरव. लव, म्हणजे वरचे बारीक धागे, खालच्या दिशेला झुकलेली हवी. तुकडा उलटा बसला की तोच रंग वेगळा दिसतो.

पण चार महिने? दर पत्रात ‘आई मजेत’ लिहीत होतीस ना? मी काय परका आहे?

रागावलेला तरी तुझाच,
दादा

दि. १७ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

चुकले. आईने शपथ घातली होती.

क्रमांक एकच निघाला, वरची लव मात्र उलटी. दुकानदाराला बोलावून त्याचा हात पायरीवर फिरवायला लावला. तरी तो हेका सोडेना. शिवाय मोठ्याने म्हणाला, या वयात बायकांना काहीही दिसतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. आई! कठडा धरून तरातरा उतरत आली आणि त्याला विचारलं, माझ्या मुलीला म्हातारी म्हणणारा तू कोण? दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून त्याने सहाही पायऱ्या सुलट करून दिल्या.

दुकानदार गेल्यावर आई खालच्या पायरीवर बसून दोन पेले पाणी प्यायली. आता रोज उतरते. उद्या फाटकापर्यंत जायचं म्हणते.

राग गेला असेल तर माया तेवढी राहू दे.
धाकटी