पाटीवरचं 'रिक्त'

सातारा, सोमवार संध्याकाळ

विभाग बंद होणार, ही कुजबुज पुन्हा आज. पोरांना पुण्याला जावं लागू नये म्हणून लोकांनी भांडून मिळवलेलं हे विद्यापीठ! आता इतिहासाला विद्यार्थी नाहीत. दारावर पाटी, 'प्राध्यापक : रिक्त'. आणि तासिका तत्त्वावर शिकवणारी मी? कुठल्याच पाटीवर नाही.

दुपारी मेढ्याचे निवृत्त सुभेदार एम.ए.ला प्रवेश घ्यायला आले, सोबत दोन जुने फौजी, तेही प्रवेशालाच. पाटी वाचून म्हणाले, "आवं बाई, हितं रिक्त लिव्हलंय. मग शिकवतंय कोण?"

"मीच."

"मग पाटी खोटी हाय. रिकाम्या चौकीला आमी सलाम करत न्हाई."

आणि तिघांनी मला कडक सलाम ठोकला!

पाटी उद्याही तीच असेल. असू दे. तासाची तयारी करायला हवी. ही माणसं लय प्रश्न विचारणार.