तुझ्या पुस्तकातली कबरी

आंबागड,
१८ जानेवारी १९८७

प्रिय चंद्रकांता,

तुझं पुस्तक पोचून तीन आठवडे झाले. पोच लगेच द्यायला हवी होती, पण पुस्तक माझ्या हाती राहिलंच कुठे! मी बालवाडीत पोरांना खाऊ वाटत होते, तेवढ्यात पोस्टमननं पुडकं दिलं आणि रंभानं ते माझ्याआधी फोडलं. तिला अजून वाचता येत नाही, म्हणून ती वरचं चित्रच बघत बसली. गडाच्या बुरुजावर तीन मुली, मधलीच्या हातात काठी आणि गालावर पांढरा डाग. रंभा एवढ्यानं ओरडली, "कबरे, तू त छापून आली व!"

कबरी. अंगावर कोड उठलं तेव्हा गावानं मला दिलेलं नाव. ह्याच नावानं बाया मला तळ्याच्या घाटावरून उठवायच्या. आणि तुझ्या पुस्तकात ते नाव ऐकलं की शत्रूचे घोडे मागे सरतात. वैरी जवळ आला की कबरीच्या अंगावरचे डाग चांदण्यासारखे उजळतात! ते पान मी बालवाडीतल्या मदतनीस बाईंना दोनदा वाचून दाखवलं. लाज वाटली नाही ग. छाती फुगली.

मग संध्याकाळी रंभाला रोज थोडं थोडं वाचून दाखवायला लागले. पंधराव्या वर्षी नवऱ्यानं टाकलेली ही पोर तुझ्या पुस्तकात वाघिणीशी बोलते, हे तिला फार आवडलं. तक्रार एवढीच, की वाघीण फार लवकर मरते. आता रंभा ग्रामपंचायतीत मेंबर आहे. सभेत बोलायला उठली की पुरुष आधी विड्या विझवतात.

वाचताना सगळं आठवत गेलं. आमच्याच अंगणात भुलाबाई बसली होती आणि पोरींनी फेर धरताना माझा हात धरायला नकार दिला, ते वर्ष. तुला तर कोणी अंगणातच घेत नव्हतं, कारण तुझी आई जादूटोणा करते अशी हाकाटी होती. विधवा बाई, चार झाडपाल्याची औषधं जाणणारी, कोणापुढे मान न झुकवणारी. गावाला एवढं पुरलं. आपण तिघी गडावर जायचो. तू पडक्या भिंतीवर बसून गोष्टी रचायचीस, की ह्या गडावर कधीकाळी गावानं हाकललेल्या मुलींची फौज होती. रंभा म्हणायची, नुसत्या गोष्टीनं काय होते? आणि तिनंच गोमाजी आजाला गाठलं. त्याचा आखाडा बंद पडलेला, शिकायला कोणी नाही, म्हातारा रिकामाच. त्यानं आपल्या हाती काठ्या दिल्या. आजा सारखं बजावायचा, "पोरीहो, काठीकडे नोका पाहू. समोरच्याच्या खांद्याकडे पाहा."

धान कापणीच्या दिवसांतली ती सकाळ तू पुस्तकात फार मोठी केलीस. शंभर घोडेस्वार, लोखंडी मुखवट्याचा सरदार, आग ओकणारे भाले. खरं तर सहा माणसं होती. आमची बैलजोडी एका आठवड्यात मेली होती आणि त्याचा ठपका तुझ्या आईवर आला होता. खळ्यावर मी कानांनी ऐकलं, की कलामावशीचे केस कापून तिला गावाबाहेर काढायचं. मी धानाच्या पेंढ्या टाकून धावत सुटले. गोमाजी आजा तुमसरच्या बाजाराला गेलेला. आपणच तिघी तुझ्या दारात उभ्या राहिलो. मावशी आत चुलीपुढे बसून होती. रडली नाही, बाहेरही आली नाही. आपल्याला पाहून माणसं आधी हसली. मग एकानं रंभाची काठी धरली, तिनं ती सोडवून त्याच्या नडगीवर अशी हाणली की तो खालीच बसला. दुसऱ्यानं तिचा हात पिरगाळला. मनगट मोडलं, पण ती हलली नाही.

आणि पुढे सरकलेला माणूस माझा बाप होता. त्याच्या तोंडावर तू मुखवटा चढवलास तो माझ्यासाठी, हे मला कळलं बरं. तेरा वर्षांत आपण दोघींनी कधी त्याचं नाव घेतलं नाही. पण तू माझ्या मागे उभी होतीस, तो हळू आवाजात काय म्हणाला ते तुला ऐकू आलं नसेल. म्हणाला, "तुझ्यासाठीच आलो ना बाई. ह्या बाईनंच तुझं अंग असं केलं. बाजूले हो." त्याला तसं खरंच वाटत होतं ग. मी म्हटलं, "माह्यासाठी आले असान, त माह्यासाठीच वापस जा." त्यानं काठी उचलली. मी खांद्याकडे पाहत होते. माझा फटका बसला आणि त्याची काठी अंगणात जाऊन पडली. बाबा वळले, त्यांच्यामागे बाकीचे.

नऊ दिवस मी रंभाकडे राहिले. त्याच आठवड्यात तुम्ही मायलेकी तुमसरला मामांकडे गेलात, तू शिकलीस आणि पुढे दोघी भंडाऱ्याला राहिलात. बरं केलंत. मी घरी परतले तेव्हा बाबांनी ताट वाढायला सांगितलं, एवढंच. त्या सकाळबद्दल आमच्यात चकार शब्द झाला नाही.

आता त्यांना दिसत नाही. मी रंभाला वाचून दाखवायची तेव्हा ते पडवीत बाजेवर पडून ऐकायचे. मला वाटायचं झोपले असतील. पुस्तक संपलं, रंभा घरी गेली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तो मुखवटेवाला मीच ना?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "पोरीनं माह्या तोंडावर कायले झाकण घातलं? लोकाइले दिसू दे." दुसऱ्या दिवसापासून एकच धरून बसलेत, की भंडाऱ्याला ने, कलाबाईच्या पायावर डोकं ठेवतो.

म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी त्यांना सांगितलं, विचारून पाहते, पण तुमची वकिली करणार नाही. करतही नाही. ते म्हातारे आहेत, आंधळे आहेत, माझे बाबा आहेत, ह्यातलं काही मावशीला सांगू नकोस. फक्त पुंडलिकराव येऊ का विचारतात, एवढं सांग. ती हो म्हणाली तर मी त्यांचा हात धरून घेऊन येईन. नाही म्हणाली तर कार्डावर तेवढंच लिही. मी ते त्यांना वाचून दाखवीन, एकही अक्षर न बदलता.

तुझीच,
तुळसा