कोरडी बादली

स्पोकेन, ४ मे १९९३

चि. डेलबर्ट यास नॉरीनताईचे आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. कुणा क्लाइडने घरच्या गॅरेजात बांधलेलं विमान तू जुनं विकत घेतलंस, इथवर ठीक. पण वाढदिवसाला आईला त्यात बसवून सॅमन नदीच्या घळीतलं तिचं माहेर वरून दाखवणार? अरे, तिथे ना रस्ता, ना उतरायला वीतभर सपाट जागा! इंजिन बंद पडलं तर?

कारखान्यातल्या विमानाचं निदान पुस्तक असतं. घरी बांधलेल्याचं सगळं बांधणाऱ्याच्या डोक्यात. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत कुठून जातं, बघितलंस कधी? म्हणे दोन्ही पंखांतल्या टाक्या काटे भरलेल्या दाखवतात! काट्यांचं काय घेऊन बसलास? इंजिनाजवळची नळी सोड, खाली बादली धर, एकेक टाकी लावून बघ. मी एवढी वर्षं विमानं दुरुस्त करते ती काय हौस म्हणून?

तोवर आईला त्यात बसवलंस तर माझ्याशी गाठ आहे. लोभ आहे, म्हणूनच राग आहे.

तुझी ताई,
नॉरीन

ग्रेंजव्हिल, ९ मे

ती. नॉरीनताईस सा. न. वि. वि.

चाळिशी उलटली तरी तू माझा कान सोडत नाहीस. मी काय काल उडायला शिकलो? क्लाइडकडून विमान उडवतच घरी आणलं, उजव्या टाकीवर, कुरकूर नाही. पेट्रोलचा कॉक डावीकडे फिरवला की डावी टाकी, उजवीकडे फिरवला की उजवी. पोरालाही कळेल.

आईने नवा स्कार्फ आणलाय, दिवसातून दहादा आभाळ बघते. आणि तू तिथून तिच्या आनंदात माती कालवतेस! शनिवारी धरतो तुझी बादली. भरलेल्या बादलीचा फोटो पाठवीन, भिंतीवर लाव.

तुझा,
डेलबर्ट

ग्रेंजव्हिल, १६ मे

ती. ताईस सा. न.

फोटो पाठवत नाही.

उजवी लावली, धो धो धार. डावी लावली, टिपूस नाही. काटा भरलेला, टाकीत पेट्रोल डुचमळतंय, आणि बादली कोरडी! सीटखालचा पत्रा उघडला, तर डावीची नळी कापून बूच मारलेलं. क्लाइडला फोनवर धारेवर धरलं. तो निर्लज्ज म्हणतो, ती गळायची, मी नेहमी उजवीवरच उडायचो, आणि तू विचारलंस कुठे? चोर तो चोर, वर शिरजोर!

ताई, जाताना उजवी आणि येताना डावी, असा माझा बेत होता.

डेलबर्ट

ग्रेंजव्हिल, २४ मे

चि. नॉरीनला आईचे आशीर्वाद.

तुम्ही दोघं माझ्यावरून भांडता आणि मला कुणी विचारत नाही, याचा मला भयंकर संताप आलाय. बादली कुणी धरली होती, ते लिहिलं का त्याने? मी. तो आत बसून कॉक फिरवत ओरडत होता, आलं का, आलं का. मी नाही नाही म्हणत राहिले. शेवटी उतरून आला, बादलीत बघितलं, आणि चाकाशी बसून लहानपणी रडायचा तसा रडला. म्हणाला, आई, तुला मी यात बसवणार होतो गं. मी कळवलं असं त्याला सांगू नकोस.

आता नळी नवी घातलीय, दोन्हीकडून बादली भरते. तरी मला बसू देत नाही. ताईने स्वतः येऊन बादली धरल्याशिवाय विमान हलणार नाही, म्हणतो. माहेर माझं आणि परवानगी तुझी! वाढदिवस तर गेलाच, आता आणखी किती वाट बघू?

बादली पुसून ठेवली आहे. ये.

तुझी आई,
ॲडेल